मोबाईल हरवला, चोरीला गेला: सातारकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन गेल्यावर नुकसान किती होणार, हे बरंचसं पहिल्या तासात कोणतं काम आधी केलं आणि कोणतं नंतर, यावर ठरतं. त्यामुळे खालची उत्तरं क्रमाकडे लक्ष देऊन वाचा. फोन आत्ताच गेला असेल तर पहिले पाच प्रश्न वाचून लगेच कामाला लागा, बाकीचं नंतर बघता येईल.

फोन खिशात नाही हे आत्ताच लक्षात आलं. पहिल्या दहा मिनिटांत काय करू?

शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा फोन मागा आणि आपल्या नंबरवर रिंग द्या. फोन रिक्षात किंवा हॉटेलच्या टेबलावर राहिला असेल तर बहुतेक वेळा कोणीतरी उचलतं. दोनदा रिंग वाजून फोन बंद झाला, किंवा पहिल्याच वेळी बंद लागला, तर तो चोरीला गेला असं धरून चाला.

त्यानंतर फोन लांबूनच लॉक करा. अँड्रॉइड असेल तर त्याच उसन्या फोनच्या ब्राउझरमध्ये ‘अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश फाइंड’ उघडा. त्या फोनवर फाइंड हब हे गुगलचं फोन शोधायचं ॲप असेल तर त्यात पाहुणा म्हणून साइन इन करता येतं. फोन घरातच कुठे असेल अशी शंका असेल तर ‘आवाज वाजवा’ दाबा. फोन सायलेंटवर असला तरी पाच मिनिटं मोठ्याने वाजत राहतो. बाहेर गेला असेल तर आवाजाच्या भानगडीत न पडता थेट ‘डिव्हाइस सुरक्षित करा’ किंवा ‘हरवले म्हणून चिन्हांकित करा’ यातलं जे दिसेल ते निवडा आणि लॉक स्क्रीनवर घरच्यांचा नंबर दिसेल असा संदेश टाका.

सिम बंद करायचं ते यानंतर. इथेच बहुतेकांचा क्रम चुकतो. घाबरून आधी कंपनीला फोन करून सिम बंद केलं की फोनचं इंटरनेटही बंद होतं. मग लोकेशन कळत नाही आणि लॉकची आज्ञाही फोनपर्यंत पोहोचत नाही. म्हणून आधी लॉक, मग सिम. पण लॉक करायला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, पासवर्ड आठवत नसेल, तर थांबू नका. सिम चोराच्या हातात चालू राहणं जास्त महागात पडतं.

गुगल म्हणतं, ‘तुमच्या फोनवर आलेल्या सूचनेवर हो म्हणा’. फोनच नाही, तर हो कसं म्हणू?

दुहेरी पडताळणी चालू असलेल्या जवळपास प्रत्येकाला इथे अडकायला होतं. यातून सुटायचे मार्ग आधीच तयार ठेवावे लागतात. एक म्हणजे गुगल खात्याचे बॅकअप कोड. सेटिंगमधून दहा कोड मिळतात, प्रत्येक आठ अंकी आणि एकदाच वापरता येणारा. त्यातले दोन-तीन कागदावर लिहून पाकिटात ठेवा, मात्र त्याच कागदावर पासवर्ड लिहू नका. दुसरा मार्ग म्हणजे घरातल्या एखाद्या फोनवर किंवा लॅपटॉपवर आपलं खातं आधीपासून उघडं ठेवणं.

तिसरा मार्ग कमी लोकांना माहीत आहे: ‘अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक’. इथे पासवर्ड लागत नाही. मोबाईल नंबर टाकायचा, छोटी पडताळणी करायची, की फोनची स्क्रीन लॉक होते. फोन मात्र ऑनलाइन असावा लागतो आणि ‘रिमोट लॉक’ आधीच चालू करून नंबर पडताळलेला असावा लागतो. हे सेटिंगमध्ये गुगलखाली ‘चोरीपासून संरक्षण’ या भागात सापडतं. आयफोनवाल्यांना ही अडचण येत नाही. ‘आयक्लाउड डॉट कॉम स्लॅश फाइंड’वर ॲपल खात्याचा पासवर्ड टाकला की कोड न मागता नकाशा उघडतो. तिथे ‘हरवलेला’ अशी नोंद करून टाका.

बँक आणि यूपीआयचं काय? पिन तर कोणाला माहीत नाही.

पिन माहीत नसला तरी तो बदलता येतो, आणि धोका तिथेच आहे. चोर फोनचं लॉक तोडत बसत नाही. तो टाचणीने सिमचा ट्रे ओढून काढतो आणि तुमचं सिम स्वतःच्या फोनमध्ये घालतो. आता तुमचे ओटीपी त्याच्याकडे येतात. नवीन यूपीआय पिन लावायला ओटीपीसोबत डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदतीची तारीख लागते. फोनच्या पुस्तकासारख्या कव्हरमध्ये एका बाजूला एटीएम कार्ड आणि दुसऱ्या बाजूला आधार ठेवायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. असं कव्हर चोराच्या हाती लागलं तर त्याला आणखी काही शोधावंच लागत नाही. कार्ड कव्हरमध्ये ठेवू नका, त्याचा फोटोही गॅलरीत ठेवू नका.

शिवाय यूपीआय लाइटला, म्हणजे छोट्या खर्चासाठी ॲपमध्ये वेगळ्या ठेवलेल्या रकमेला, पिन लागतच नाही. त्यात जास्तीत जास्त 5,000 रुपये राहतात आणि एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत जातात. फोन उघडा असताना हिसकावला गेला तर तेवढी रक्कम गेलीच असं समजा.

बँकेला फोन करून ‘कार्ड बंद करा’ एवढंच सांगून थांबू नका. कार्ड, यूपीआय आणि मोबाईल बँकिंग, तिन्ही बंद करायला सांगा. तक्रार क्रमांक आणि घड्याळातली वेळ लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं असतं. उद्या वाद झाला तर ही वेळच तुमचा पुरावा ठरेल. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

सहकारी बँकेत खातं असेल तर कार्ड बंद करण्याचा नंबर आजच शाखेत विचारून ठेवा. रात्री साडेनऊला शाखेचा फोन कोणी उचलत नाही.

बँकेचा नंबर गुगलवर शोधून लावला तर चालेल?

नाही. ‘कस्टमर केअर’ म्हणून इंटरनेटवर पसरवलेले खोटे नंबर असतात आणि घाबरलेला माणूस त्यांना लगेच फसतो. पासबुकावरचा किंवा कार्डाच्या मागचा नंबरच लावा. कार्ड पाकिटासकट गेलं असेल तर घरच्यांना पासबुक बघून वाचायला सांगा.

सिम बंद कसं करायचं आणि डुप्लिकेट कुठे मिळतं?

त्याच कंपनीचं सिम असलेल्या कोणत्याही फोनवरून 198 लावा. डुप्लिकेटसाठी कंपनीच्या स्वतःच्या दुकानात आधार घेऊन जा, तिथे अंगठा घेतात. सिम ज्याच्या नावावर, त्यानेच जायचं. वडिलांच्या नावावरचं सिम मुलगा वापरत असेल तर वडिलांना गावाहून यावं लागतं. फलटण-माणकडच्या कित्येकांचा एक अख्खा दिवस यात जातो. शक्य असेल तर सिम आधीच स्वतःच्या नावावर करून घ्या.

नवीन सिमवर फोन लागायला लागला तरी पहिले 24 तास मेसेज येत नाहीत. हा बिघाड नाही, नियमच तसा आहे. चोराने परस्पर तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम घेऊन ओटीपी मिळवू नयेत म्हणून तो केलेला आहे. त्या दिवशी ओटीपी लागणारी कामं ठेवू नका. सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेताही येत नाही.

व्हॉट्सॲप?

डुप्लिकेट सिम चालू झालं की दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू करा. जुन्या फोनवरचं आपोआप बंद होतं. पडताळणीचा कोड मेसेजने येत नसेल तर फोन कॉलने मागवा. तेवढ्यात चोराने तुमच्या खात्याला स्वतःचा सहा अंकी पिन लावला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागतं. म्हणून दुहेरी पडताळणीचा पिन स्वतःच आधी लावून ठेवा. आणि दुसऱ्याच्या फोनवरून नातेवाइकांच्या ग्रुपवर एक ओळ टाका: ‘माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका.’

तक्रार कुठल्या पोलीस ठाण्यात? शहर, शाहूपुरी की तालुका?

फोन जिथे गेला त्या हद्दीतल्या ठाण्यात. पण हद्द नक्की माहीत नसेल तर जवळच्या ठाण्यात जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि ती नंतर योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. हा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू आहे. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते.

पोलीस ‘गहाळ’ असं लिहून घेतात. चालेल का?

फोन खरोखर हरवला असेल तर चालेल. गहाळ तक्रारीच्या प्रतीवरही फोन ब्लॉक करता येतो (कसा, ते खाली सीईआयआरच्या प्रश्नात). ही तक्रार महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्याही देता येते. पण बसमध्ये चढताना खिशातून काढला, हातातून हिसकावला, घरातून उचलला, तर ती चोरी आहे आणि त्याचा गुन्हाच नोंदवला गेला पाहिजे. भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम 303 आणि हिसकावण्यासाठी 304 आहे. विम्याचा दावा करायचा असेल तर या फरकाला फार महत्त्व येतं. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर तीच माहिती लेखी करून पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते. नोंदवलेल्या माहितीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या.

अर्जात ‘काळ्या रंगाचा मोबाईल’ एवढं लिहून काही होत नाही. कंपनी, मॉडेल, दोन्ही आयएमईआय (फोनचे स्वतःचे ओळख क्रमांक), दोन्ही सिम नंबर, गेल्याची तारीख, अंदाजे वेळ आणि ठिकाण लिहा. ठिकाण नेमकं लिहा: ‘सातारा बसस्थानक, स्वारगेट फलाट, गाडीत चढताना’ असं असेल तर पोलिसांना त्या वेळेचं सीसीटीव्ही चित्रण बघता येतं.

एसटीत किंवा रेल्वेत गेला तर?

एसटीत विसरला असेल तर तिकीट जपा. त्यावरून गाडी आणि वेळ कळते. गाडी ज्या स्थानकात संपते तिथल्या वाहतूक नियंत्रकाला फोन करा. रेल्वेत गेला असेल तर रेल्वेच्या 139 या हेल्पलाइनवर कळवा आणि लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार द्या. पुणे-मिरज मार्गावर फोन नेमका साताऱ्यात, कराडला की सांगलीत गेला हे ठरवत बसू नका, लक्षात आलं त्या स्टेशनवर नोंदवा.

सीईआयआर म्हणजे काय, आणि त्यावर फोन ब्लॉक कसा करायचा?

प्रत्येक फोनला पंधरा अंकी आयएमईआय असतो, दोन सिमच्या फोनला दोन. सीईआयआर ही या क्रमांकांची केंद्रीय नोंदवही आहे, दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या सेवेचा भाग. मे 2023 पासून ती देशभर चालू आहे. इथे फोन ब्लॉक केला की भारतातल्या कोणत्याही कंपनीचं सिम घातलं तरी नेटवर्क मिळत नाही. फोन बेळगावला विकला गेला काय किंवा बिहारमध्ये, फरक पडत नाही. साधा बटणांचा फोनही ब्लॉक होतो.

लागतं ते असं: पोलीस तक्रारीची प्रत, तक्रार क्रमांक, बिल, ओळखपत्र, दोन्ही आयएमईआय आणि ओटीपी येईल असं चालू सिम. संचार साथीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये ‘हरवलेला किंवा चोरीला गेलेला मोबाईल ब्लॉक करा’ हा भाग उघडा. फोनची माहिती, हरवल्याची माहिती आणि मालकाची माहिती असे तीन भाग भरायचे असतात. जिल्हा आणि पोलीस ठाणं यादीतून निवडायचं. शेवटी एक विनंती क्रमांक मिळतो. त्याचा फोटो काढून घरच्यांना पाठवून ठेवा, कारण पुढे फोन सापडला तर ब्लॉक काढायला हाच क्रमांक लागतो. ब्लॉक 24 तासांच्या आत लागू होतो. हे सगळं पोलीस ठाण्यातूनही करून देतात, पण नोंद झाली की नाही हे विचारून विनंती क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका.

अर्ज अडकतो. नेमकं कुठे चुकतं?

बहुतेक वेळा तीन ठिकाणी. डुप्लिकेट सिम घेतल्या दिवशीच अर्ज करायला बसलं तर वर सांगितल्याप्रमाणे ओटीपी येत नाही. बिलावर दुकानदाराने एकच आयएमईआय लिहिलेला असतो, किंवा घाईत एखादा अंक चुकवलेला असतो. तक्रारीच्या प्रतीचा मोबाईलवर काढलेला फोटो तिरका आणि अंधुक असतो, क्रमांक वाचता येत नाही. अंक बिलावरून न लिहिता खोक्यावरच्या स्टिकरवरून लिहा, आणि पाच-पाचच्या गटात पाडून दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या.

खोकंही नाही, बिलही नाही. आयएमईआय कुठून आणू?

फाइंड हबमध्ये फोनच्या नावाशेजारी माहितीचं चिन्ह असतं, तिथे आयएमईआय दिसतो. ॲपल खात्याच्या डिव्हाइस यादीतही असतो. फोन हप्त्यावर घेतला असेल तर कर्ज देणाऱ्या कंपनीच्या कागदावर असतो. पोवई नाक्यावर असो की कराडच्या पेठेत, ज्या दुकानातून घेतला त्यांच्या संगणकात बिलाची प्रत सापडू शकते. आणि हे वाचणाऱ्याचा फोन अजून हातात असेल तर आत्ताच *#06# दाबा आणि दिसलेले दोन्ही क्रमांक रेशनकार्डाच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवला तर तो फोनबरोबरच जातो.

ब्लॉक केला तर फोन सापडणार कसा? मग तो चालूच होणार नाही ना?

ब्लॉक केलेल्या फोनमध्ये कोणी सिम घातलं की त्याची नोंद होते आणि कोणत्या नंबरवरून तो वापरायचा प्रयत्न झाला ते पोलिसांना कळतं. पुढे पोलीस त्या नंबरच्या माणसाला गाठतात. पुष्कळदा हा माणूस चोर नसतो, आठवडी बाजारात स्वस्तात फोन घेतलेला असतो. याला किती दिवस लागतील हे कोणी सांगू शकत नाही. वर्षभराने फोन परत मिळाल्याचीही उदाहरणं आहेत. दर महिन्याला विनंती क्रमांक टाकून स्थिती बघा आणि ठाण्यात चौकशी करत राहा. ब्लॉक झालेला फोन वायफायवर मात्र चालतो, म्हणून खात्यांचे पासवर्ड बदलायचं काम टाळू नका.

नकाशावर फोन एका घरावर दिसतोय. जाऊन आणू का?

एकट्याने जाऊ नका. नकाशावरच्या ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ असतं, फोन त्यात कुठेही असू शकतो. दाट वस्तीत त्या वर्तुळात वीस घरं येतात आणि तुम्ही भलत्याच दारावर उभे राहता. स्क्रीनशॉट काढा, वेळ दिसू द्या आणि 112 वर किंवा ठाण्यात कळवा.

‘तुमचा फोन सापडला, लिंक उघडा’ असा मेसेज आला. खरा आहे का?

जवळपास नक्की खोटा. लॉक असलेला आयफोन चोराला विकता येत नाही, म्हणून तो ॲपलच्या नावाने हुबेहूब पान पाठवून पासवर्ड मागतो. लॉक स्क्रीनवर तुम्हीच दिलेल्या नंबरवर हे मेसेज येतात. कोणी सांगितलं तरी फोन आपल्या ॲपल खात्यातून काढून टाकू नका. तो खात्यात आहे तोवर दुसऱ्या कोणाला सुरू करता येत नाही.

फोनमधला डेटा लांबून पुसून टाकू का?

शेवटी, सगळे उपाय झाल्यावर. अँड्रॉइड पुसला की फाइंड हबमध्ये पुन्हा दिसत नाही. चांगला स्क्रीन लॉक असेल तर दोन-चार दिवस वाट बघायला हरकत नाही. लॉकच नसेल, किंवा 1234 असेल, तर लगेच पुसा.

कासला फुलं बघायला गेलो आणि फोन पठारावर पडला. तिथे रेंज नाही.

रेंज नसताना अँड्रॉइड फोन आजूबाजूच्या दुसऱ्या फोनांच्या ब्लूटूथच्या आधाराने सापडू शकतो. पण मूळ सेटिंग ‘फक्त गर्दीच्या भागात’ असं असतं, म्हणजे अनेक फोन जवळून गेले तरच ठिकाण कळतं. फाइंड हबच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन शोधासाठी ‘सर्व भागांत’ निवडलं तर एखादाच पर्यटक जवळून गेला तरी पुरतं. कास, ठोसेघर, सज्जनगड, महाबळेश्वरचे पॉइंट, असं कुठेही जाणार असाल तर निघण्याआधी हे बदला.

यात्रेला किंवा वारीला निघतोय. काय तयारी करू?

पौषात मांढरदेव आणि पालीची यात्रा असते, आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटणवरून जाते. गर्दीत शर्टाचा वरचा खिसा सगळ्यात वाईट. फोन आतल्या चेनच्या खिशात ठेवा.

सिमला पिन लावा. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की हा पिन मागितला जातो, त्यामुळे ओटीपीची चोरी तिथेच अडते. आमच्या मते दोन मिनिटांत होणारी यापेक्षा उपयोगी गोष्ट दुसरी नाही, आणि तीच बहुतेकांनी केलेली नसते. पण आधी कंपनीकडून सिमचा मूळ पिन विचारा, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम पुन्हा उघडायला कंपनीचा पीयूके कोड लागतो आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं निकामी होतं.

लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणार नाही असं करा, नाहीतर लॉक न उघडताही ओटीपी वाचता येतो. अँड्रॉइडमध्ये ‘चोरी ओळखून लॉक’ आणि आयफोनमध्ये ‘चोरी झालेल्या डिव्हाइसचं संरक्षण’ चालू करा. घरच्या दोन माणसांचे नंबर तोंडपाठ असू द्या. वृद्ध वारकऱ्यांच्या फोनच्या मागे, कव्हरच्या आत, घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.

फोन सापडला, पण पोलीस लगेच देत नाहीत.

गहाळ तक्रार असेल तर ओळखपत्र, बिल आणि तक्रारीची प्रत दाखवून मिळतो. चोरीचा गुन्हा नोंदवलेला असेल तर फोन मुद्देमाल होतो आणि न्यायालयात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यास पुन्हा हजर करण्याच्या हमीवर, घ्यावा लागतो. हाती आल्यावर संचार साथीवर विनंती क्रमांक टाकून ब्लॉक काढा. हे विसरलात तर सिम घालूनही नेटवर्क येत नाही आणि माणूस दुरुस्तीच्या दुकानात हेलपाटे मारतो.

हप्ते चालू आहेत. फोनच नाही तर हप्ता का भरू?

कर्ज फोनवर नाही, तुमच्या नावावर आहे. हप्ता चुकवला तर दंडही बसतो आणि सिबिलही बिघडतं. विमा घेतला असेल तर तो चोरीचा आहे की फक्त फुटण्याचा, हे आधी बघा आणि कळवायची मुदत त्याच दिवशी वाचा.

जुना फोन विकत घेतोय. चोरीचा नाही हे कसं ओळखू?

इंग्रजीत ‘केवायएम’ ही तीन अक्षरं, एक जागा सोडून आयएमईआय, असा मेसेज 14422 वर पाठवा. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं. ते हातातल्या फोनशी जुळत नसेल, किंवा क्रमांक ब्लॉक असल्याचं आलं, तर व्यवहार तिथेच थांबवा. आयएमईआय बदललेला फोन घेणं अंगाशी येतं. दूरसंचार कायदा 2023 मध्ये असा बदल करण्याला तीन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

रस्त्यात दुसऱ्याचा फोन सापडला तर?

बंद करू नका, सिम काढू नका. चार्जिंग संपत आलं असेल तर लावा आणि फोन येण्याची वाट बघा. मालकाची रिंग आली की त्याला जवळच्या पोलीस ठाण्यातच बोलवा आणि फोन तिथेच त्याच्या हातात द्या.